रबर लावलेला फोन

मंगळवार संध्याकाळ, ऐरोली

सकाळी वर्गात सगळ्यांचे फोन पेटीत जमा करून घेते. दिघ्याची प्रांजल रोज तोच रबर लावलेला फोन टाकते. सुटताना बाकीच्या पोरी आधी स्क्रीन बघतात, ही बघतसुद्धा नाही. म्हणजे हा नुसता दाखवायचा, खरा लपवलेला. मला काय कळत नाही?

आज सगळ्यांसमोर तिला फोन चालू करायला लावला. झालाच नाही. "खरा कुठाय?" म्हणत दप्तर उलटं केलं. वह्या आणि टिफिन, बस्स. तरी संशय जाईना, म्हणून आत्ता तिच्या आईला फोन केला.

"मॅडम, तिच्याकडं कुठला फोन? तो माझा, कधीचा बंद पडलाय. सगळ्या जमा करतात, म्हणून हीपण नेते."

उद्या पेटी घेऊन कुठल्या तोंडाने उभी राहू तिच्यासमोर?