डाव्या हातानं जेवणारी नायिका

सोम., ३ मार्च
पहिल्या वर्षाच्या मुलांनो, चित्रपट-अभ्यासाचं सत्र संपत आलं आणि तुम्हाला एकही चित्रपट अख्खा दाखवलेला नाही! प्रोजेक्टर विभागप्रमुखांच्या (वि.प्र.) कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. तुमच्या वाट्याला फक्त त्यांच्या नोट्स.
हे वर्गात बोलायचं होतं. गिळलं. निदान इथं डायरीत तरी बोलते.

बुध., ५
अंतर्गत परीक्षेचा निकाल. वि.प्र.नी स्वतः तपासलं. श्रावणी नापास! वर्गातली सगळ्यात तिखट नजर तिची.
प्रश्न: जेवणाच्या प्रसंगातून नायिकेचा विद्रोह स्पष्ट करा. नोट्सप्रमाणे ती डाव्या हातानं जेवते, पदर उजव्या खांद्यावर, म्हणजे परंपरेला नकार. श्रावणीनं लिहिलं: ती उजव्या हातानंच जेवते, विद्रोह हातात नाही, नवऱ्याच्या आधी जेवायला बसते त्यात आहे.
शून्य.
"तू कुठं बघितलास?"
"मामाकडं डीव्हीडी हाय मॅडम. दोनदा बघितला."
आता फक्त तोंडी परीक्षा उरली. तीही गेली तर, "अप्पा म्हणालेत, बास झालं कॉलेज, युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला बस."

शुक्र., ७
तिची डीव्हीडी आणि वि.प्र.नी वापरलेली इंटरनेटवरची प्रत, शेजारी शेजारी लावल्या. इंटरनेटवर सिनेमा चोरून टाकणारे, पकडलं जाऊ नये म्हणून, चित्र डावं-उजवं उलटं करून टाकतात. सरांची नायिका तशी डावखुरी झाली! मागच्या किराणा दुकानाची पाटीही उलटी. त्यावर नोट्समध्ये: 'उलटी अक्षरे म्हणजे उलटी समाजव्यवस्था.'
हसले. मग डोकं फिरलं.
वर्गातला सांगोल्याचा गणेश शेजारीच बसून बघत होता. "म्हंजे सर इतके दिस आरशातल्या बाईचा संसार शिकवत्यात की!"

शनि., ८
वि.प्र.ना दोन्ही प्रती दाखवल्या. एकीकडंही धड बघितलं नाही.
"मॅडम, तुम्ही तासिका तत्त्वावर आहात."
"आणि तुम्ही आरशावर."
"या नोट्सवर आजवर एक तक्रार नाही."
"कारण आजवर कुणी सिनेमाच बघितला नव्हता."
लाल झाले. मग गोड आवाजात, "मंगळवारी तोंडीला त्या पोरीला डावा हात म्हणू दे. पास करतो."
बघायला शिकवायचा विषय, आणि पास व्हायची अट डोळे मिटायची!
श्रावणीला सांगितलं. शांतपणे म्हणाली, "म्हणते की मॅडम. डावा तर डावा. माझं काय जातं?"
मी दोन्ही प्रती पिशवीत टाकल्या आणि घरी आले.

सोम., १०
तिचं काय जातं? डोळे जातात. पण हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? मी भाषण करून घरी येणार, शिलाईला ती बसणार.
एकटीवर हे ओझं टाकायचं नाही. आज तास संपल्यावर वर्गाला सगळं सांगितलं. दोन्ही प्रतींतला तेवढा प्रसंग माझ्या लॅपटॉपवर दाखवला. उद्या तोंडीला दिसलं तेच सांगायला कोण तयार आहे, विचारलं. गणेशनं हात वर केला. बाकीचे बाकाकडं बघत राहिले. श्रावणीनं मान वर केली नाही.
तोंडी परीक्षेच्या यादीत उद्या पहिलं नाव तिचंच आहे.
मुलांनो, यादी पाळू नका. तिच्या आधी सगळे मिळून आत शिरा आणि एवढंच म्हणा: सर, कपाट उघडा, सिनेमा लावा, मग विचारा.