चार नंबरची नववी किक

रुवी, मस्कत
शुक्रवार, सकाळी

आदरणीय सुगतदादा,

सविनय जय भीम. तुमचा गुडघा, वहिनींचं ब्लड प्रेशर आणि तुमच्या गच्चीवरची गळकी टाकी, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही ठीक. तुमची बहीण ललिता स्वयंपाकघरात मेथी निवडते आहे (म्हणूनच मी हे पत्र गॅलरीत बसून, पाठ दाराकडे न करता लिहितो आहे). रचनाची परीक्षा संपली. माझी साखर सकाळची बरी आणि संध्याकाळची कुणाच्या घरी चहाला गेलो त्यावर. विमानतळावर निघताना तुमच्या हातात दिलेला ओमानी हलव्याचा डबा सुखरूप पोचला ना? खाल्लात का? नसेल खाल्ला तर घाई मुळीच नाही. तो महिनोन्‌महिने टिकतो. आणि खाल्ला असेल तर डबा टाकू नका, मखमलीचा डबा आहे, कशालाही उपयोगी पडतो.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. घरून फोन लावला की ललिता येऊन शेजारी उभी राहते आणि अर्ध्या वाक्यात फोन काढून घेते. ऑफिसातून लावावा तर तिथे मराठी समजणारे तिघे आहेत आणि न समजण्याचं सोंग करणारा एक. म्हणून हे पत्र वरच्या मजल्यावरच्या रेवा सिस्टरच्या हाती पाठवतो आहे. ती उद्या सुट्टीवर नागपूरला येते. मुलगी सज्जन आहे, माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर मी पेन्सिलीने तीन बारीक रेघा मारल्या आहेत, त्या दोन्ही बाजूंनी जुळतात का तेवढं बघून घ्या.

तुम्ही इथे होतात तेव्हा आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, फुटबॉल क्लबचा पेनल्टी मारणारा किकर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, ते तुम्ही पाहिलंच. पण सुरुवात तुम्हाला ठाऊक नाही. गेल्या हंगामात अल-खुझामा क्लब सेमीफायनलला पेनल्टीवर हरला. शेवटची किक मुसल्लमची होती आणि ती गोलाच्या वरून गेली. मुसल्लम तेहेतीस वर्षांचा आहे, दूर दक्षिणेतल्या सलालाहचा, आठ वर्षं क्लबच्या पेनल्ट्या तोच मारत आला. पण त्या दिवसापासून तो पेट्रोल पंपावर दिसला तरी लोक वर आकाशात बघतात. मग अर्बाबने मला बोलावलं आणि म्हणाला, "भीम, मेरा वेल्डर तुम पास करता. मेरा किकर भी तुम पास करेगा. खलास." खलास म्हटल्यावर या देशात पुढे बोलायचं नसतं. बावीस वर्षं मी त्याच्या यार्डात क्वालिटीचा माणूस आहे आणि त्याची समजूत अशी, की जो वेल्डिंगमधला केसाएवढा तडा शोधतो त्याला माणसातलाही सापडतो. समजूत चुकीची नाही.

वेल्डरची परीक्षा कशी घेतात हे तुम्हाला मी जेवताना तीनदा सांगितलं आहे (तुम्ही तिन्ही वेळा कोशिंबीर मागितलीत). वेल्डरने जोडलेल्या तुकड्यावर त्याचं नाव नसतं, नंबर ठोकलेला असतो. तपासणाऱ्याला फक्त नंबर दिसतो. कुणाचा कोण, हे कागदावर, कागद पाकिटात, आणि पाकीट अहवालावर सही झाल्याशिवाय उघडायचं नाही. मी म्हटलं, किकरची परीक्षाही अशीच होईल. ट्युनिशियाच्या कोचने कपाळाला हात लावला. त्याचं म्हणणं, किकर डोळ्यांनी निवडायचा असतो, त्याची नजर बघायची, खांदे बघायचे. मी विचारलं, मग गेल्या वर्षी कुणाचे खांदे बघत होतात? त्या दिवसापासून तो मला सलाम करतो पण हात देत नाही.

बातमी फुटल्यावर काय काय झालं ते ऐका. अर्बाबचा भाचा हिलाल, सहा उमेदवारांतला एक, त्याने घरी खजुराची पेटी पाठवली. मी ती तशीच परत पाठवली. राखीव गोलकीपरही उमेदवार, त्याच्या बायकोने ललिताकडे बिर्याणी पाठवली. मी घरी पोचेपर्यंत पुरावा संपला होता. क्लबच्या ऑफिसातल्या खुदेजाबाईंनी अचानक माझ्या पार्किंगची सावलीतली जागा नक्की करून दिली. बाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण त्यांच्या मावसबहिणी कुणाकुणाच्या घरात दिल्या आहेत याची चौकशी करता त्या सहापैकी तीन उमेदवारांच्या घरांत निघाल्या. एकट्या मुसल्लमने काही पाठवलं नाही, की काही विचारलं नाही. दर शुक्रवारी सकाळी मी साखरेसाठी फिरायला जातो तेव्हा तो मैदानावर एकटा पन्नास किका मारतो आणि पन्नास चेंडू स्वतःच गोळा करून आणतो. मला बघून "भीम, शुगर कैसा?" एवढंच विचारतो. सगळ्यांत जास्त संशय मला त्याचा आला. एवढा सरळ माणूस काही कारणाशिवाय राहत नाही.

म्हणून मी कडेकोट बंदोबस्त केला. अर्बाबच्या कॉफीच्या सुरईत सहा चिठ्ठ्या टाकल्या, ज्याने त्याने आपला नंबर उचलला, आणि सहाही जणांनी एकाच कागदावर आपल्या नंबरपुढे आपलं नाव लिहिलं (इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत). मी तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभा होतो. कागद पाकिटात गेला, त्यावर टेप, आणि टेपवर तुमची साक्षीदार म्हणून सही, ते तुम्हाला आठवत असेल. यार्डातला वेल्डिंगचा जाड पडदा आणून गोलाच्या बाजूला असा टांगला, की तुम्हाला आणि मला फक्त गोल दिसावा, मारणारा दिसू नये. गोलाचे दोरीने चौकोन पाडले: कोपऱ्याला तीन गुण, मध्ये एक, अडवला तर शून्य. गोलकीपरला वशिलेबाजी करता येऊ नये म्हणून कुठे उडी मारायची ते फासे टाकून मी आधीच ठरवलं आणि प्रत्येक किकला त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली. बारा वर्षांत आपल्याला कुणी कागद वाचून उडी मारायला लावलं नाही, अशी त्याने अर्बाबकडे तक्रार केली. ती अजून चालू आहे.

प्रत्येकाला दहा किका. पहिल्या तीन निवांत, पुढच्या तीन मैदानाला दोन फेऱ्या मारून दमल्यावर, शेवटच्या चार गोंगाटात. गोंगाटाला यार्डातली चाळीस माणसं आणि एक जनरेटर. शिवाय प्रत्येक किकला मैदानाच्या मधल्या रेषेपासून चालत यायचं. ही शेवटची अट माझी नाही, मुसल्लमची. एका शुक्रवारी तो मला म्हणाला होता, "भीम, किक वन सेकंद. चलना बहोत." सेमीफायनलच्या दिवशी तो मधल्या रेषेपासून निघाला तेव्हा त्याला त्याच्या आईची हाक ऐकू आली म्हणे, आणि आई तर सलालाहला घरी होती. हे ऐकून मला वाईट वाटलं, दादा. मी त्याला ते दाखवलं नाही. उमेदवारासमोर वाईट वाटून घ्यायचं नसतं.

परीक्षा झाली, दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. अर्बाब कामासाठी बाहेरगावी होता, तोवर मी अहवालाच्या तीन प्रती केल्या, सह्या केल्या, आणि काल क्लबात सगळ्यांसमोर निकाल वाचला: पहिला, चार नंबर. दोन नंबर त्याच्या मागे. आता माझी चूक ऐका. पाकीट नंतर उघडायचं, नंबर आधी सांगायचा, हे वेल्डरच्या बाबतीत ठीक असतं, कारण वेल्डर तेव्हा आपल्या कामावर असतो. इथे सहाही जण समोर खुर्च्यांवर बसले होते. मी "चार नंबर" म्हटल्याबरोबर पाच हात वर गेले. हिलालचा तर दोन्ही. एकेक जण शपथेवर सांगू लागला की सुरईतून चार नंबर त्यानेच काढला. मैदानावर मारणारे पाहिलेली चाळीस माणसं होती, पण तोंडी साक्ष मी धरत नाही. मुसल्लम एकटा बुटाची नाडी बांधत बसला होता. त्याला विचारलं, तुझा नंबर कोणता? तो म्हणाला, "लिफाफा बोलेगा." मग अर्बाबने माझ्याकडे हात पुढे केला. लिफाफा.

मी म्हटलं, तो सुरक्षित जागी आहे, सोमवारी आणतो. अर्बाब म्हणाला, "इन्शाल्ला?" मी म्हटलं, इन्शाल्ला.  पुढच्या शुक्रवारी कपची मॅच आहे. सोमवारपर्यंत पाकीट आलं नाही तर हिलाल पेनल्ट्या मारणार आणि मुसल्लमचा करार या महिन्यात संपणार, असं कोचने मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. तेहेतीस वर्षांच्या माणसाला, ज्याची शेवटची किक आकाशात गेली, दुसरा क्लब घेत नाही. काल रात्री जेवताना रचनाला हे सगळं सांगितलं तर पोरगी म्हणते, "बाबा, तू कोणालाच ट्रस्ट करत नाही. मग तूच किक मार ना." ललिता हसली. 

असो. तुमच्या गुडघ्याला जपा, जिने चढू नका. वहिनींना, मुलांना जय भीम. हलवा हळूहळू खा. खालचा थर सगळ्यांत शेवटी.

तुमचा नम्र,
भीमराव

ता. क. हलवा खाऊ नका. म्हणजे खा, पण आधी सगळा एका पातेल्यात काढून घ्या. डब्याच्या तळाशी पुठ्ठा आहे, तो सुरीने उचला. त्याखाली पाकीट आहे. इथलं एकही कुलूप मला भरवशाचं वाटलं नाही, म्हणून मी ते देशाबाहेर काढलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही विमानात शेजारच्या माणसाला सांगितलं असतं. वहिनींच्या समोर टेप तपासून उघडा. चारपुढे मुसल्लमचं नाव असेल तर रविवारी मला मेसेज करून माझी साखर विचारा, हिलालचं असेल तर इथला पाऊस विचारा, तिसऱ्याच कुणाचं असेल तर गुलाबाचं चित्र पाठवा. मूळ कागद घेऊन सोमवारी सकाळी पोचेल असा कुणी प्रवासी शोधा. ललिताला यातलं काही कळता कामा नये. तिच्या भावाला मी माणूस न समजता कपाट समजलो, असं ती म्हणेल.

ता. क. दुसरी. तुम्ही डबा कुणाला देऊन तर टाकला नाहीत ना? रागावू नका, पण तुमच्या घरी आलेली मिठाई संध्याकाळ तिथे बघत नाही, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. मी तुम्हाला वास्तुशांतीला दिलेलं भिंतीवरचं घड्याळ चार वर्षांनी माझ्याच चुलतभावाच्या लग्नात आहेर म्हणून आलं, ते मी त्याच्या मागच्या ओरखड्यावरून ओळखलं होतं. आजवर बोललो नाही. तेव्हा दिला असेल तर ज्याला दिला त्याच्याकडे आत्ताच्या आत्ता जा, गुडघा विसरा, रिक्षा करा. हलवा त्यांचा, डबा आपला.

ता. क. तिसरी. वरचं सगळं लिहून झालं, या पत्राचं पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं आहे (तेव्हा पेन्सिलीच्या रेघा जुळणार नाहीत, रेवावर संशय घेऊ नका). ते चिकटवून मी मैदानावर फिरायला गेलो होतो. मुसल्लम होता. किक मारण्याआधी तो दर वेळी दोनदा घसा खाकरतो. परीक्षेच्या दिवशी पडद्याआडून चार नंबरच्या पहिल्याच किकला मी ते ऐकलं होतं. तिथेच परीक्षा थांबवायला हवी होती. मी थांबवली नाही. मला आनंद झाला होता. सगळ्यांवर नजर ठेवायला मी पडदा लावला आणि पडद्याच्या अलीकडे कोण बसलं आहे ते तपासलं नाही.

चार नंबरची नववी किक आठवा. गोंगाट चालू होता. चेंडू खांबाच्या आतल्या बाजूला लागला, रेषेवर घरंगळला, आणि गोलकीपरने तो ओढून घेतला. मी "आत, तीन गुण" असं लिहिलं. लगेच लिहिलं. ती किक काढली तर दोन नंबर पहिला येतो. मी इतकी वर्षं शेकडो वेल्डर नापास केले, त्यांची बायकापोरं मनात आणली नाहीत, आणि या एका चेंडूच्या वेळी मी चेंडू बघत होतो की दुसरंच काही, ते मला आता शपथेवर सांगता येत नाही.

तुम्ही गोलरेषेच्या अगदी सरळ रेषेत स्टुलावर बसला होतात. तुमच्या हातात बिस्किटाचा पुडा होता आणि त्या किकनंतर तुम्ही चघळायचे थांबलात. मी मुद्दामच तुमच्याकडे पाहिलं नाही. तुम्ही रेल्वेच्या टीमचे गोलकीपर होतात, रेषा तुम्हाला कळते. तुम्ही अडवलेल्या त्या अकरा पेनल्ट्यांवर मी आजवर विश्वास ठेवला नाही, आजपासून ठेवतो, अकराच्या अकरा. म्हणून पाकीट उघडण्याच्या आधी, नाव वाचण्याच्या आधी, मला फक्त एवढंच कळवा, साखर नको, पाऊस नको, सरळ शब्दांत: चेंडू पूर्ण आत गेला होता का? नाही म्हणालात तर मी दुसरा अहवाल लिहीन आणि मुसल्लमला स्वतः जाऊन सांगेन. तुम्ही म्हणाल ते खरं. सही नको, साक्षीदार नको.