सत्यनारायणाच्या कव्हरातली डिस्क

मुलुंड पूर्व
३ नोव्हेंबर २०२५

लेस्टर भावोजी,

जयंतीचा नमस्कार. मार्सेलिनाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं तुमच्या फॅक्टरीतल्या दत्तारामकडून कळलं. तिला म्हणावं, घाई करून जिने चढू नकोस. काल तुम्ही सगळे कबरस्तानात मेणबत्त्या लावून आला असाल. मी दोनदा तुम्हाला फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला, म्हणून पत्र.

इकडे ठीक आहे. सोसायटीची लिफ्ट एकदाची बदलली. यांना जाऊन पाच महिने झाले, ते नावं बदलण्यातच गेले. फ्लॅट, वीजबिल, गॅस, रेशनकार्ड, बँक. आमचे सेक्रेटरी श्यामकांत म्हणाले, जिथे जिथे विद्याधररावांचं नाव आहे तिथे दाखला देऊन टाका, मागे काही ठेवू नका. मी मृत्यूच्या दाखल्याच्या वीस प्रती काढल्या आणि यादी केली. यादीत सगळ्यात शेवटी यांचे कॉम्प्युटरवरचे गेम होते.

त्याबद्दलच विचारायचं आहे, कारण तुम्हाला यातलं कळतं. पैसे देऊन घेतलेली वस्तू आपली नसते, असं कसं होतं? गेम विकणाऱ्या कंपनीकडे यांचं इंटरनेटवर खातं होतं, त्यात एक्केचाळीस गेम होते. प्रत्येकाची पावती ईमेलमध्ये आहे, तीत 'खरेदी' असंच लिहिलं आहे. यांनी स्टेशनबाहेरची कॉपी केलेली सीडी कधी घरात आणली नाही. तुम्ही आणायचात तेव्हा हे म्हणायचे, आला चोरबाजार. पूर्वी गेमच्या डब्यात लांबलचक नंबर यायचा, तो मी वाचून दाखवायची आणि हे टाइप करायचे. तो एकदा इथे लागला की दुसऱ्याकडे चालायचा नाही, म्हणून तुम्हाला डबा देऊनही उपयोग नसायचा. पुढे डबेही गेले आणि सगळं त्या खात्यात आलं.

मी त्या कंपनीला पत्र लिहिलं. डिक्शनरी घेऊन बसले, तीन दुपारी लागल्या. खातेदार वारले आहेत, मी पत्नी आणि वारस, खातं माझ्या नावावर करून द्यावं, सोबत दाखला जोडला आहे. सोळा दिवसांनी उत्तर आलं. आधी दुःख व्यक्त केलं होतं. मग लिहिलं होतं की तुमच्या पतींना फक्त वापरायची परवानगी दिलेली होती, ती दुसऱ्याला देता येत नाही, आणि खातेदार हयात नसल्यामुळे खातं बंद करत आहोत.

मी चार वेळा वाचलं. वाटलं, आपलं इंग्रजी कमी पडतंय. भाची ऋता आली तेव्हा तिला दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, तू वाचलंस ते बरोबरच आहे. पण तू त्यांना सांगायला कशाला गेलीस? लोक पासवर्ड टाकतात आणि गप्प बसतात."

मला ते सुचलंच नाही. गॅसवाल्याने नाव बदलून दिलं, बँकेने दिलं. घरातली पातेली यांच्या पगारातून आली, ती मी वापरते, कोणी काही विचारत नाही. यांची पुस्तकं मी वाचते. मग गेमचंच वेगळं का? ऋताने समजावलं. समजल्यासारखं वाटतं आणि भांडी घासताना परत सुटतं.

तुम्ही हेच म्हणाला होतात ना, सहा वर्षांपूर्वी, आमच्या हॉलमध्ये? तुम्ही यांना खेळायला दिलेली ती मोटारींच्या शर्यतीची डिस्क हरवली त्या दिवशी. तुम्ही म्हणत होता, डबा परत आला तो रिकामा. हे म्हणत होते, मी डिस्क घालून दिली. मग विषय भलतीकडेच गेला. हे म्हणाले, माझे गेम बघ, हरवत नाहीत, ओरखडे पडत नाहीत. आणि तुम्ही म्हणालात, तुझं सामान तू दुसऱ्याच्या दुकानात ठेवलंयस विद्या, त्याने शटर पाडलं की बस बाहेर. हे हसले. शटर पडणारच नाही म्हणाले. त्यानंतर तुम्ही आला नाहीत.

तुम्ही येणं बंद केलंत आणि वर्षभरात यांची नजर गेली. साखरेमुळे. मोटार, माणूस एवढं दिसायचं, अक्षरं दिसायची नाहीत. मग मी शेजारी खुर्ची टाकून वाचायला लागले. मी सातवी शिकलेली, मराठी वाचनालयातून आणून आणून वाचायची, इंग्रजी मात्र या गेममधल्या माणसांनी शिकवलं. आम्ही दीपगृहावरच्या एका म्हाताऱ्याची गोष्ट खेळत होतो. त्याची मुलगी बोटीतून गेलेली असते आणि तिची पत्रं एकेका बेटावर सापडतात. पत्र मी वाचायचं, बोट यांनी चालवायची. सहावं बेट झालं आणि हे हॉस्पिटलमध्ये गेले. ती मुलगी सापडते का, मला माहीत नाही. तो गेम तुमच्या टीव्हीला जोडायच्या मशीनवर डिस्कमध्ये मिळतो का? मिळत असेल तर सांगा.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

बाराव्या दिवशी तुम्ही आलात. पांढरा शर्ट घातला होतात. चहाला हात लावला नाहीत. निघताना दारात चप्पल घालता घालता मला विचारलंत, "वहिनी, माझ्याबद्दल काही म्हणाला होता का?"

मी म्हटलं, "नाही."

तेव्हा माझ्या कपाटात यांची चिठ्ठी होती. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी लिहिलेली, ओळी एकमेकींवर चढलेल्या. खात्याचं नाव, पासवर्ड, आणि खाली: 'हे लेस्टरला दे. सांग, शटर अजून उघडं आहे.'

माझ्यासाठी यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. फ्लॅट, पैसे, सगळ्यावर वारस म्हणून माझं नाव होतं, त्याला चिठ्ठी लागत नाही, हे मला कळतं. पण हाताने लिहिलेला एकच कागद, आणि तो तुमच्या नावाचा. शेजारी बसून पाच वर्षं वाचलं मी. म्हणून तुम्हाला नाही म्हटलं, आणि खातं माझ्या नावावर करायला गेले. सरळ मार्गाने करायला गेले, यांच्यासारखं, दाखला जोडून. शटर कंपनीने पाडलं की मी, ते मला अजून ठरवता येत नाही. चिठ्ठी दिली असती तर आज तुम्ही ते उघडून बसला असता.

दिवाळीत कपाट आवरताना पूजेच्या सीड्या काढल्या. सत्यनारायणाच्या कव्हरात तुमची डिस्क निघाली. कोपऱ्यात तुम्ही मार्करने 'एल' लिहिलेलं आहे. तिथे यांनी ठेवली, की आवराआवर करताना मी, आता कळायला मार्ग नाही. डबा रिकामाच आला होता, तुमचं खरं. पण हेही मुद्दाम खोटं बोलले नव्हते.

ऋताने यांचं जुनं गेमचं मशीन माळ्यावरून काढून टीव्हीला जोडलं. डिस्क आत घातली. नाव विचारलं नाही, दाखला मागितला नाही. मोटारी सुरू झाल्या. तिसऱ्या शर्यतीत पुलावर येऊन चित्र थांबलं, पूर्वी थांबायचं तिथेच. तेव्हा तुम्ही डिस्क काढून बनियनच्या टोकाने पुसायचात आणि हे ओरडायचे, चष्म्याचं फडकं घे. कोणाचं बरोबर होतं मला माहीत नाही, म्हणून मी हात लावलेला नाही.

चिठ्ठी तुमची आहे, ती सोबत ठेवली आहे. पासवर्ड आता कशाला चालत नाही, खालची ओळ तेवढी वाचा. डिस्कही तुमचीच आहे, पण ती टपालाने पाठवत नाही. मशीनमध्ये आहे. मी दुपारी घरीच असते. आलात तर यावेळी चहा घ्या.

तुमच्याशी दारात खोटं बोललेली,
जयंती