एक्केचाळिसावी कॅसेट

मी, रामाजी इसरू मारभते, वय वर्षे एक्याऐंशी, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, राहणार मौजा पळसबोडी, तालुका आरमोरी, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. दृष्टी उजव्या डोळ्यापुरती उरली आहे. हे लिहावे असा आग्रह मला कोणी केलेला नाही. आयुष्यात मी कोणाच्या आग्रहावरून काहीच केले नाही, आणि पुढे जे लिहिणार आहे त्याचे मूळ बहुतांशी तेच आहे.

यापूर्वी सन २०१९ मध्ये मी केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द करतो. त्यात माझा मुलगा गोविंदा याचे नाव नव्हते.

१. माझी पत्नी रंभा सन २०२१ मध्ये वारली. मला मुलगी जया, तिची मुलगी दिव्यानी आणि मुलगा गोविंदा असे वारस आहेत. गोविंदाचा जन्म १९६९ चा. तो डिसेंबर १९८८ पासून घरी आलेला नाही. सात वर्षे ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याला कायदा मृत मानू शकतो, असे माझे वकील सांगतात. या मृत्युपत्रात तसे मानू नये. त्याच्या नावामागे ‘कै.’ लावल्यास तो कागद माझा नव्हे.

२. पळसबोडी येथील राहते घर, मागच्या परसासह, मी गोविंदास देतो. तो येईपर्यंत ते जयाने सांभाळावे. तिची संमती मी घेतली आहे. ती म्हणाली, “बाबा, घर त्याचंच होतं. तुमीच मधात बसले होते.” तिचे शब्द होते तसेच लिहिले आहेत.

३. बोडीखालची, म्हणजे गावतळ्याखालची, दीड एकर धानाची जमीन आणि बँकेतील शिल्लक जयास. दिव्यानीच्या परिचारिकेच्या शिक्षणाचा खर्च त्यातून व्हावा.

४. व्याकरणाची व शब्दकोशांची एकूण तेहतीस पुस्तके गावच्या शाळेस. अट एकच : फाटकावरील पाटीत ‘प्राथमीक’ असे लिहिले आहे, ते आधी दुरुस्त करावे. मी सहा अर्ज दिले. सातवा हा समजावा.

५. माझे वडील इसरू यांचे फेकायचे जाळे गोविंदास. याविषयी थोडे लिहिणे भाग आहे.

आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या बोडीत आणि वैनगंगेत मासे धरणारे. त्या घरातून पहिला शिकून बाहेर पडलो तो मी. गोविंदाने अध्यापक विद्यालय अर्ध्यावर सोडले आणि आजोबांचे जाळे खांद्यावर टाकून तो दारात उभा राहिला. म्हणाला, “बाबा, मले पान्यातच बरं वाटते.” मी म्हणालो, “जाळे घेऊन या घरात पुन्हा पाऊल टाकायचे नाही.” वाक्य निर्दोष होते. त्याने जाळे ओसरीवर ठेवले आणि तो गोदावरीपलीकडे, तेव्हाच्या आंध्रात, एका धरणावर मासेमारीला निघून गेला. रंभेने ते जाळे फेकू दिले नाही. दर उन्हाळ्यात ती त्याचे तुटलेले पदर शिवत असे. कोणी वापरत नसताना ते तुटायचे कसे, हे मी कधी विचारले नाही.

६. ‘तारकायात्री’ या श्राव्यरूपांतराची मूळ कॅसेट दिव्यानीस.

सन १९८९ मध्ये ग्रामपंचायतीच्या दूरचित्रवाणी संचावर दर रविवारी सकाळी एक हिंदी विज्ञानमालिका लागत असे. एक माणूस प्रकाशाच्या वेगाने दूरच्या ताऱ्याकडे जातो. त्याची सात वर्षे होतात, पृथ्वीवर ऐंशी उलटतात. खोलीत चाळीस माणसे मावत आणि त्यांतील तिसांना हिंदी अर्धवट कळे. मी ठरवले, ही कथा शुद्ध मराठीत कॅसेटवर आणायची, म्हणजे ज्या वस्ती-टोल्यात वीज नाही तिथेही सेलवर वाजेल. शेवटच्या भागाच्या दिवशी वीज गेली. मूळ शेवट मला आजही ठाऊक नाही. तो मी स्वतः लिहिला : यात्री वरून पृथ्वी पाहतो, आपले कोणी उरले नाही हे ओळखतो आणि यान पुन्हा अंधाराकडे वळवतो.

आरमोरीत सुरेंद्रचे लाउडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान होते. तिथे अकरा रविवार ध्वनिमुद्रण झाले. निवेदन माझे, यात्री सुरेंद्र. यानातला घुमणारा आवाज यावा म्हणून तो धानाच्या रिकाम्या कोठीत तोंड घालून बोले. इंजिन म्हणजे आमचा स्टोव्ह. यानाचे दार म्हणजे लोखंडी पेटीचे झाकण. हे सारे आवाज रंभा करी. तिला मी बोलायला काही दिले नव्हते. तिचे उच्चार मला चालत नसत. एके ठिकाणी स्टोव्हला हवा भरताना तिच्या बांगड्या वाजल्या आहेत. तेव्हा मी तिला सर्वांदेखत रागावलो होतो. आता मूळ कॅसेटवर रंभेचे म्हणून तेवढेच उरले आहे. दिव्यानीने ते जपावे.

७. एक्केचाळीस प्रती निघाल्या. प्रत्येकीवर मी माझ्या हाताने क्रमांक घातला. लोक तिला ‘तारेवाली कॅसेट’ म्हणत. १९९१ च्या होळीआधी आरमोरीच्या बसस्थानकाशेजारी एका चहाच्या टपरीवर ती वाजत होती. शेवट जवळ आला आणि माझ्या आवाजाऐवजी रंभेचा आवाज आला. यान आमच्या बोडीच्या पाळीवर उतरले होते. एक म्हातारी यात्रीला पाणी देत होती.

मी तसाच सुरेंद्रकडे गेलो. तो म्हणाला, “बाईनं सांगतलं, मी केलं. कॅसेटी दुकानात परत आल्या का एकेकीवर तिचा शेवट भरत गेलो. गुरुजी, तुमचा शेवट आयकून लोकं उठून जात होते. हा दोनदा दोनदा लावते.” पुढे तो हेही म्हणाला, “बाईनं लोकायसाठी नाई केला. मिरची तोडाले आंध्रात जानारे मजूर कॅसेटी संगं नेते, म्हून केला. कोनाच्या तरी हातानं गोविंदाले भेटन म्हणे.”

हे कळल्यावरही मी पुढचे केले, म्हणून ते इथे नोंदवतो. मी सायकलवर गावोगाव हिंडून चाळीस प्रती गोळा केल्या. खात्री केल्याशिवाय काही करायचे नाही, ही माझी पद्धत. म्हणून प्रत्येक प्रतीचा शेवट मी आधी पूर्ण ऐकला आणि मग सुरेंद्रकडून त्यावर माझा शेवट भरून घेतला. रंभा दुकानाच्या पायरीवर बसून होती. एक्केचाळिसावी सापडली नाही. ती हरवली असे मी वहीत लिहिले. त्यानंतर मी सुरेंद्रशी बोलणे सोडले.

८. गडचिरोलीच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात रंभा म्हणाली, “एक्केचायीसवी तुमच्या हाती नाई लागली. मुखरूभाऊसंगं धाडली होती मी.”

मुखरू हा त्या काळी मिरचीच्या मजुरांना नेणारा मुकादम. तिच्या तेरवीनंतर मी त्याच्याकडे गेलो. तो खाटेवर होता.

“देल्ली ना गुरुजी. धरनावरच देल्ली. तिथीच लावली त्यानं, तीनदा आयकली.”

“मग? काय म्हणाला?”

“रडला. मंग म्हणे, मुखरूकाका, सारी कॅसेट बाबा बोलते, आन्‌ बलावाच्या वक्ती काऊन चूप हायेत? माय तं कवाचीच बलावते. बाबाचा शब्द कुठी हाये?”

मुखरूने त्याला समजावले. तो आला नाही. पुढल्या वर्षी मुखरू पुन्हा तिथे गेला तेव्हा धरणावरचा तळ हलला होता. हे त्याने मला तीस वर्षे का सांगितले नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, “तुमच्या घरी त्याचं नाव घ्याची कोनाची छाती होती?” मुखरू त्याच पावसाळ्यात वारला.

मी धरणाच्या कार्यालयाला अकरा पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. मात्र त्याने मागितला होता तो शब्द उच्चारायला मला आणखी चार वर्षे लागली.

९. गेल्या आठवड्यात मी सुरेंद्रला निरोप धाडला. चौतीस वर्षांनी तो या घरी आला. जुने यंत्र दुरुस्त करून घेऊन आला. रंभेचा शेवट मला तोंडपाठ आहे, कारण पुसण्यापूर्वी मी तो चाळीस वेळा ऐकला आहे. म्हातारीचे बोलणे जयाने म्हटले, यात्री पुन्हा सुरेंद्र. माझी पाळी आली तेव्हा मी सुरेंद्रला विचारले, इथल्या बोलीत बोलू का? तो म्हणाला, “नाई गुरुजी. तुमी तुमच्याच भाषेत बोला. त्यानंच वळखन तो तुमाले.” शेजारच्या आशाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तवाच एक डाव हाक मारली असती तं हा सारा कुटाणा कायले लागला असता, भाऊ?” मी सुरेंद्रला यंत्र सुरू करायला सांगितले.

पुन्हा एक्केचाळीस प्रती काढल्या आहेत. कॅसेट आता कोण वाजवणार, असे दिव्यानीचे म्हणणे. ती म्हणते, “आबा, मोबाईलवर टाकून देतो ना, दिवसभऱ्यात साऱ्याइले भेटन.” तिने तसेही करावे. पलीकडे जाणाऱ्या प्रत्येक टोळीसोबत प्रत द्यावी. माझ्या मृत्यूनंतरही हे थांबवू नये. तो आला आणि मी नसलो, तर त्याला माझा फोटो दाखवण्याआधी पाणी द्यावे.

१०. सुरेंद्र या मृत्युपत्रास साक्षीदार आहे. साक्षीदारास काही ठेवू नये, असा वकिलांचा सल्ला आहे. म्हणून त्यास काही देत नाही. देण्यासारखे होते ते मी वेळेवर दिले नाही.

परिशिष्ट

हा मजकूर कोणीही, कोणत्याही कारणाने, दुरुस्त करू नये.

(पितळी गुंडातून पाणी ओतल्याचा आवाज.)

म्हातारी : कोन हायेस रे बाबू?

यात्री : लय दूर गेलो होतो, बाई. माह्या घरचं कोनी हाये का इथी?

म्हातारी : थकला असशील. पानी पे आंधी. घर हाये ना. दार लोटलं हाये, कडी नाई लावली. तुहं जाळं शिवून ठेवलं मीनं. कोनी काई म्हणनार नाई तुले. ये.

(येथे पूर्वी कॅसेट संपत असे.)

वडील : गोविंदा, मी तुझा बाबा बोलतो आहे. जाळे घेऊन ये.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

(सही) रामाजी इसरू मारभते

साक्षीदार :

(१) सुरेंद्र, आरमोरी. गुरुजीनं आमच्यापुढं सही केली. गुरुजी म्हनले, तू तुह्या हातानं लिव, म्हून लिवतो. मिरचीवाल्याईची गाडी आज सकाळी साडेसातले गेली. कॅसेट नंबर एक मुखरूच्या पोराच्या, मंगरूच्या, हाती देल्ली. गुरुजी गाडीपर्यंत आले होते.

(२) आशाबाई, पळसबोडी. (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ : पळसबोडी
दिनांक : २ फेब्रुवारी २०२६