चंद्र पुन्हा त्याच नक्षत्रात

१३ नोव्हें., गुरु.
सुनंदाचा तेरावा झाला. माणसं दुपारीच पांगली. ताई मागे थांबली. निघताना अंगणात म्हणाली, "पंचकात गेलीय ती. चंद्र शततारकेत होता. चितेवर पिठाच्या पाच बाहुल्या घातल्यास तिच्याबरोबर?"
नाही घातल्या. कुणाला सुचलंच नाही.
"मग घराला कुलूप लाव नि चल माझ्याकडे पालीला. पंचकात गेलेलं माणूस घरातलं आणखी कुणी नेतं. हसू नको. तू नि तुझी मास्तरीण!"
हसलो नव्हतो. घरात आता मी आणि मुलगा, नितीन. तो जहाजावर.

१६ नोव्हें.
सु. भूगोल शिकवायची. टॉर्च सूर्य, नारळ पृथ्वी, सुपारी चंद्र. आदल्या दिवशी घरी सराव. टॉर्च मी धरायचो. पंचकाचं कुणी काढलं की म्हणायची, "चंद्राला आपलं हे घर कुठलं तेसुद्धा माहीत नाही हो."
पटायचं. ती होती तोवर.

२१ नोव्हें.
कॅलेंडर पाहिलं. २७ ला चंद्र परत पंचकात. उपग्रह आहे, फिरून येणारच. तरी त्या चौकटीकडे बघवत नाही.
नितीनचा फोन. "बाबा, बुधवारपासून रेंज नसेल. मधल्या समुद्रात असू." बुधवार म्हणजे २६. पंचकाचं त्याला सांगितलं नाही.

२७ नोव्हें.
अर्धा चंद्र, माडांच्या वर. खिडकी लावून घेतली.
ताईला मीच फोन केला. पंचकाची शांत करून घेऊ म्हणालो. ती रडायलाच लागली. "रविवारी गुरुजींना घेऊन येते. नारळ तेवढा आणून ठेव."
सु.च्या फोटोकडे पाहिलं नाही.

२८ नोव्हें.
नारळ आणला. देवापुढे ठेवला. बाजारात म्हणत होते, समुद्रात वारा आहे. इथला वारा तिथे असेलच असं नाही. सु.ने नकाशा काढून दाखवला असता.

२९ नोव्हें., शनि.
नितीनला तीन मेसेज. एकेकच टिक.
संध्याकाळी नारळावर टॉर्च धरला. अर्धी पृथ्वी उजेडात, अर्धी अंधारात. नितीन कुठल्या बाजूला असेल. दुसऱ्या हाताने नारळ फिरवला. सुपारी धरायला कुणी नाही.
मग शेंडी काढून नारळ फोडला. उद्या गुरुजींना लागलाच तर सकाळी दुसरा आणता येईल.
अर्धी वाटी खवली. आमटी केली, एकट्यापुरती.