यंदा जागायचं कुणी

३ सप्टेंबर

ती. दादास,
टिटवीचा सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिला आहे, मनापासून नाही. गेल्या वसंतात तू आला होतास तेव्हा नव्या टपालवाल्याने माझ्याकडे बोट दाखवून तुला विचारलं होतं, की या तुमच्या आई का. तू पोट धरून हसलास. दादा, मी तुझ्यापेक्षा लहान आहे. पाळण्यातली मी तुझं बोट चावल्याचं तूच सगळ्यांना सांगत असतोस.

घरात झोपेची तयारी सुरू झाली आहे. आईच्या कानांची टोकं जांभळी पडायला लागली. आजोबा दिवसातून सहा वेळा जेवतात आणि सातव्यांदा विचारतात, की आज चूल पेटलीच नाही का. आत्याच्या मानेमागे चरबीचं चांगलं वशिंड आलं आहे. गल्लीत यंदा आपलंच सगळ्यांत मोठं, म्हणून ती मान खाली घालून सगळ्यांना दाखवत हिंडते. आई माझ्या डोक्यावर बसली आहे, की मागच्या वर्षीची रजई टोचत होती, नवी शीव. मी रजया शिवणारी, तेव्हा रजई माझी, आणि हिवाळाभर तिच्याखालच्या माणसाची राखणही माझीच.

थंडी कडक झाली की ही तिघं निजतील ती बर्फ वितळल्यावर उठतील. झोपेतला हिवाळा आपल्या अंगाला लागत नाही, तेवढे महिने वय थांबून राहतं. म्हणून आजोबा अजून गुटगुटीत आहेत. पण घरात एकाला जागल करावी लागते, आणि जागणाऱ्याचा हिवाळा पुरता मोजला जातो. बाबा जन्मभर जागले आणि आईचा एकही केस पिकला नसताना म्हातारे होऊन गेले. त्यांच्या जागी मी चार दिवस म्हणून बसले, ती अजून बसलेलीच आहे. रोज प्रत्येकाला कुशीवर वळवा, नाहीतर पाठ सोलवटते. कानांना चरबी चोळा, नाहीतर टोकं तडकतात. शेजारच्या खोलीतली शेगडी अशी सांभाळा, की निजायच्या खोलीत गारवा राहील पण तांब्यातलं पाणी गोठणार नाही. ऊब जास्त झाली तर माणूस अर्धवट जागा होतो, अंगातली चरबी भलत्या वेळी जाळून टाकतो आणि वसंतापर्यंत पुरत नाही. कोपऱ्यावरच्या सुताराची बायको अशीच गेली, आठवत असेल.

आता मुद्द्याचं. डॉक्टरीणबाईंनी माझे कान दिव्यासमोर धरून पाहिले. थंडीत रक्त मागे ओढून घ्यायची कानांची सवय मोडत आली आहे म्हणाल्या. हा हिवाळा जागले तर पुढे मला झोप कधीच लागणार नाही. आखूडकान्या माणसांसारखी बाराही महिने जागी राहीन आणि त्यांच्यासारखीच लवकर आटपेन. तेव्हा यंदा तू ये आणि जाग. मी एक हिवाळा मागते आहे, तुझं मूत्रपिंड नाही.

लोभ आहे असं तू दर पत्रात लिहितोस. या खेपेला तो गाडीत बसवून पाठव.

तुझी धाकटी बहीण,
टिटवी


१८ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद. (मीच थोरला आहे, कुणाला काही दिसो.)

पत्र वाचून जीव तुटला. तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी लोकरीचे पायमोजे पाठवतो आहे, गुडघ्याच्या वरपर्यंत येतील असे.

येण्याचं म्हणशील, तर मनातून फार आहे. पण इथल्या मोठ्या सभागृहातला पियानो थंडीच्या आत सुरात लावून द्यायचा आहे. या आखूडकान्यांना पियानो बेसूर झालेला आठवडाभर कळत नाही. मला तो जिन्यातच कळतो, म्हणून तर माझ्यावाचून त्यांचं अडतं. शिवाय बर्फाच्या कारखान्याच्या तळघरात माझ्या झोपेची खोली ठरलेली आहे. ऐनवेळी सोडली तर पुढल्या वर्षी मिळायची नाही. तुझी वहिनी असते जवळ. तिला विशेष काही करावं लागत नाही.

आणि खरं सांगू का, मी तिथे येऊन काय दिवे लावणार? तुझा हात हलका. आत्याने मुद्दाम लिहिलं आहे, की टिटवीने वळवलं तर स्वप्नसुद्धा मोडत नाही. आई तर म्हणते तुला जागायला मनापासून आवडतं, लहानपणापासूनच तू कमी झोपेची. डॉक्टर लोकांना घाबरवायची सवय असते. पुढच्या वर्षी नक्की काहीतरी बघू.

तब्येतीला जप. माया आहेच, ती काय सांगायची.

तुझा,
दादा


२ ऑक्टोबर

दादास,
वि. वि.

पायमोजे परत पाठवले आहेत. माझे गुडघे गार पडले म्हणून दुखत नाहीत, वाकून वाकून दुखतात.

काय दिवे लावणार म्हणून विचारतोस. एकच लाव, शेगडीच्या खोलीतला. आणि वहिनींना विशेष काही करावं लागत नाही, हे तुला कसं कळलं? तू तर झोपलेला असतोस!

तुझं पत्र आल्यावर घरातल्या सगळ्यांना बसवून विचारलं, की मग यंदा जागायचं कुणी. आई म्हणाली, तिला झोप आवरत नाही. जशी बाकीच्यांना ती आवरते! आत्या म्हणाली, जागल्यांच्या सुरकुत्या तिच्या चेहऱ्याला शोभणार नाहीत. म्हणजे माझ्या चेहऱ्याला त्या मापानेच शिवल्या आहेत. आजोबांना विचारलं तोवर ते घास तोंडात ठेवून पेंगत होते. मला जागायला आवडतं हे मात्र तिघांनी एकमुखाने सांगितलं. कुणी, कधी, काय पाहून ठरवलं देव जाणे. मी एकदाही तसं म्हणालेले नाही.

कडक थंडीला फार दिवस राहिले नाहीत. तू येणार नसशील तर तसं सरळ लिही. पुढच्या वर्षीचं गाजर नको.

लोभाचा विषय या पत्रात काढत नाही.

टिटवी


११ ऑक्टोबर

वन्संना,
चि. लिहू की ती. लिहू ते कळेना, म्हणून नुसताच मनापासून नमस्कार.

आपली भेट एकदाच झाली, तीही धावपळीत, तेव्हा हे अक्षर तुम्ही ओळखणार नाही. मी तुमची वहिनी. पायमोज्यांचं पुडकं माझ्या हाती आलं. मला वाटलं माप चुकलं म्हणून परत आले, म्हणून उघडलं, तर वर तुमचं पत्र. दुसऱ्याचं वाचू नये हे मला कळतं. वाचलं. मग ह्यांच्या खिशातलं पहिलंही काढून वाचलं.

वन्सं, मला काहीच माहीत नव्हतं. हे म्हणाले होते, की आमच्या टिटवीला झोपच येत नाही, तिची घडणच तशी. मी विश्वास ठेवला. तुमच्या लोकांचं मला काय कळतं? कान एवढे लांब असून ह्यांना मी हाक मारलेली ऐकू येत नाही, याचाच उलगडा अजून झालेला नाही.

मी पावाच्या भट्टीवर कामाला आहे. हिवाळ्यात काम सुटलं की रोज त्या तळघरात जाते, ह्यांना वळवते, कान चोळते आणि घरी येऊन एकटी जेवते. एका माणसाने माझी कंबर धरते. मोठं पोतं बरं, त्याला निदान धरायला कोपरे असतात. तुम्ही तिघांचं करता, आणि शेगडीही बघता.

मी आखूडकानी. माझा प्रत्येक हिवाळा तसाही मोजला जातो, तो तळघरात गेला काय आणि तुमच्या शेगडीपाशी गेला काय. ऊब कमीजास्त करणं तर माझं पोटापाण्याचंच काम आहे. तेव्हा मी येते. वीस तारखेच्या गाडीने निघेन. ह्यांना आधी सांगणार नाही. सांगितलं तर समजूत घालतील, आणि समजूत घालताना हे फार गोड बोलतात.

दोन गोष्टी मनात आहेत, त्या आल्यावर विचारेन. आजोबांना आधी डावीकडे वळवायचं की उजवीकडे? आणि सासूबाई झोपेत रागावतात का?

माझ्यावर राग नसावा, एवढंच आत्ता मागते.

तुमची,
वहिनी


२५ ऑक्टोबर

टिटवीस,

आशीर्वाद लिहायच्या मनःस्थितीत नाही.

ही काय पद्धत झाली? सभागृहातून दमून घरी येतो तर बायको नाही, चरबीचा डबा नाही, कान पुसायचं मऊ फडकं नाही. चार ओळींची चिठ्ठी, की मी तुमच्या घरी जागलीला गेले, पाव फडताळात आहे. ते पाव मी उभ्याउभ्या संपवले. मला भूक आवरत नाही, कान जांभळे झाले आहेत, वशिंड आलं आहे आणि झोपायला जागा नाही! कारखान्याचा व्यवस्थापक म्हणतो, वळवायला माणूस असल्याशिवाय तळघर उघडणार नाही. शेजाऱ्याला विचारलं. तो भला माणूस हो म्हणाला, पण आठवड्यातून एकदाच जमेल म्हणाला, आणि पायाने ढकललं तर चालेल का असंही विचारलं.

माझ्या बायकोला फितवलंस ते फितवलंस, वर ती लिहिते, की माझ्यासाठी तिथे अंथरूण घातलेलं नाही. माझ्याच घरात!

दिवसभर कडू सालीचा काढा पितो आहे आणि भिंतीला टेकायचं टाळतो आहे. परवाच्या गाडीने निघतो. पण रागावून निघतो आहे, हे ध्यानात ठेव.

लोभाचं तिथे आल्यावर बघू.

दादा


२९ जानेवारी

प्रिय टिटवीस,

तू माझ्यापासून चार पावलांवर निजली आहेस, तरी हे लिहून तुझ्या उशाशी ठेवतो आहे. या घरात मोठ्याने बोलायची सोय नाही, आणि उठल्यावर तू आधी जेवशील आणि मग भांडशील, त्यात माझं राहून जाईल.

मी आलो तेव्हा तू अजून जागीच होतीस. शेगडीचं मला तीनदा समजावलंस. चौथ्यांदा समजावताना झडप म्हणालीस आणि तिथेच निजलीस. ती झडप उघडी ठेवायची की बंद, हे विचारायला मी तुला हलवणार होतो. तुझ्या वहिनीने माझा हात धरला आणि सांगितलं, की तिला हात लावलात तर आधी माझ्याशी गाठ आहे.

काय हे काम! आत्या दिसते त्याच्या दुप्पट जड आहे. आजोबा लाथ मारतात. आई वळवली की पुन्हा होती त्याच कुशीवर येते, झोपेतसुद्धा तिला दुसऱ्याचं ऐकायचं नसतं. पहिल्या आठवड्यात मी रोज चिडलो, दुसऱ्यात रोज रडकुंडीला आलो. तुझ्या वहिनीला विचारलं, की टिटवीने इतकी वर्षं तक्रार का केली नाही. ती म्हणाली, केली होती, तुम्ही पायमोजे पाठवलेत.

मधे तुला धोका होता, ते तुला कळायला हवं. या महिन्यात अवेळी उबदार वारा सुटला. शेगडी विझवली तरी खोली तापत होती. दुपारी शेजारच्या खोलीत होतो आणि मला तुमच्या श्वासांतला फरक ऐकू आला. झोपेतला श्वास खालच्या सुरात असतो आणि सुटायला खूप वेळ घेतो. एकीचा सूर चढला होता. तुझ्या वहिनीला काहीच जाणवत नव्हतं, पण तिने प्रश्न न विचारता खिडक्या उघडल्या, आणि आम्ही दोघं टोपल्या भरभरून अंगणातलं बर्फ आत आणून भिंतीलगत रचायला लागलो. तो सूर तुझा होता. तू उठून बसली होतीस, डोळे मिटलेले, पाय अंथरुणाबाहेर. घोगऱ्या आवाजात विचारलंस, की आजोबांना वळवलं का. मी हो म्हणालो. तुझा विश्वास बसला नाही. मिटल्या डोळ्यांनी भिंत धरून तू आजोबांपर्यंत गेलीस आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवून पाहिलास. कुठे सोललेली नव्हती. तेव्हा कुठे तू मान हलवलीस, आणि मी धरलं नसतं तर तिथेच पडली असतीस. उचलून आणलं तर आत्याच्या निम्मीही भरली नाहीस. पुढचे दोन दिवस मी तुझ्या उशापासून हललो नाही. आता सूर पुन्हा खाली गेला आहे. कानांची टोकं पांढरी पडली आहेत, रक्त मागे गेलं आहे. डॉक्टरीणबाई येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, हिची झोप वाचली.

आणखी एक. इथे खिडकीशी बसून तुझी वहिनी पीठ चाळते तेव्हा उजेड तिच्या डोक्यावर पडतो. कानामागे केसांची अख्खी बट पांढरी आहे. मी घाबरून विचारलं, की एकाएकी हे काय झालं. ती म्हणाली एकाएकी काही नाही, हिवाळ्यांत होत गेलं. तिचे निम्मे दिवस मी पाहिलेलेच नाहीत, टिटवी. ती तळघरातून घरी येऊन एकटी जेवायची, आणि मला वाटायचं आम्ही दोघं संसार करतो आहोत. पुढच्या हिवाळ्यांतही मी झोपणार नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याचा अर्थ काय तो मला समजावून सांगितला आहे, तू पुन्हा समजावू नकोस. आम्ही आमच्या घरी परतल्यावर इथल्या जागलीची आईला आणि आत्याला पाळी लावून द्यायचं तेवढं तुझ्याकडे. आत्याला सांगायची माझी छाती नाही.

काल दुपारी सगळ्यांना ओळीने वळवत गेलो. आजोबा, आत्या, आई, तू, आणि त्याच नादात कोपऱ्यात डुलकी घेणाऱ्या तुझ्या वहिनीलाही धरून कुशीवर केलं. ती दचकून उठली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मग आम्हा दोघांना हसू फुटलं. ते आवरेना, आणि तुमची झोप मोडायची भीती, म्हणून तोंडावर हात दाबून तसेच बाहेर बर्फात पळालो आणि अंगणात उभं राहून हसलो.

निवांत नीज. इथे आम्ही दोघं आहोत.

तुझा,
दादा