मामंजी वाकले तेव्हा

अलेक्झांड्रियात बसून हुकूम सोडणाऱ्या, विबिया घराण्याच्या रुफिनस यांना ओस्टियाहून नेवियाचा नमस्कार.

तुमचा निरोप मिळाला. ‘मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर रस्त्यावर सोडून दे.’ धान्याचे भाव कळवावेत तसं लिहिलंत!

मुलगीच झाली. सुईणीने रीतीप्रमाणे तिला जमिनीवर ठेवलं. घरच्या कर्त्याने उचललं तर ती घरची, नाहीतर कुणाचीच नाही. तुम्ही इथे नाही आणि कर्ते तसेही मामंजीच, म्हणून त्यांना बोलावलं. तुमचा निरोप त्यांनाही ठाऊक होता.

त्यांचे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत, वहाणांचे बंदसुद्धा दुसऱ्याने बांधावे लागतात. काठी टेकत आले आणि नुसते बघत उभे राहिले. माझा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी काठी टाकली आणि धपकन खालीच गेले.

“अगं बाई, पडले!” सुईण ओरडली.

“पडलो नाही, वाकलो!” ते खेकसले. पोर तोवर त्यांच्या छातीशी होती. “हिला मी उचललंय. आता मला कुणीतरी उचला!”

“तुमच्या लेकाला काय कळवू?” मी रडत, हसत विचारलं.

“त्या गाढवाला नाव कळव, सूनबाई. बास.”

म्हणून मेणाच्या पाटीवरचा हा सगळा राग आता पुसून टाकते. त्याच पाटीवर तिचं नाव तेवढं लिहून पाठवते. मुलीला बापाच्या घराण्याचंच नाव लागतं, तेव्हा वाचताच ओळखाल. येताना खजूर आणा. तोवर तिला दात आलेले असतील.

तुमची,
विबियाची आई